आधी अंगण, मग कासव

कासव सांभाळायला सोपे, हा समज आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. ते भुंकत नाही, ओरबाडत नाही, दोन दिवस घराला कुलूप लागले तरी तक्रार करत नाही. याच समजापोटी मूळच्या आफ्रिकेतल्या सल्काटा जातीच्या कासवाची पिल्ले आपल्या शहरांतल्या घराघरांत आली. आणली तेव्हा ती तळहातावर मावत होती. वाढता वाढता ती बाल्कनीत मावेनाशी झाली, कुंड्या उलथू लागली, दारावर धडका देऊ लागली, आणि आता ‘चांगल्या घरी दत्तक द्यायचे आहे’ असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात. निरोपात कासवाचा फोटो असतो, वय असते, ‘प्रेमाने सांभाळणारेच हवेत’ अशी ओळ असते. जागेबद्दल बहुधा काहीच नसते. माझे म्हणणे असे की, पूर्ण वाढलेले कासव दत्तक देता-घेताना पहिली अट उघड्यावरच्या, नीट बांधलेल्या आवाराची असली पाहिजे. ती पुरी होत नसेल तर घेणाऱ्याचा जिव्हाळा कितीही खरा असला तरी व्यवहार तिथेच थांबावा. आणि ही अट कोणाच्या सद्भावनेवर न सोडता सरकारने हस्तांतराच्या नियमांतच घालावी.

आधी कायद्याची बाजू स्पष्ट केलेली बरी. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले आपल्या रानातले स्टार कासव कोणालाही घरी ठेवता येत नाही. विकत घेऊन नाही, दत्तक म्हणून नाही आणि ‘वास्तूला शुभ’ म्हणूनही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि स्टार कासव पहिल्या अनुसूचीत गेले. या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. ज्यांच्या घरात असे कासव असेल त्यांनी वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवून ते सुपूर्द करावे, एवढेच त्याबाबत सांगता येते. सल्काटाचे तसे नाही. तो परदेशी प्राणी आहे, साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि अशा प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारने 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी बंधनकारक केली आहे. परिवेश 2.0 या सरकारी पोर्टलवर नोंद असेल तर तो बाळगता येतो, दुसऱ्याच्या हवाली करता येतो. पुढचे सगळे विवेचन आहे ते अशा, आधीच देशात असलेल्या आणि नोंद झालेल्या कासवांबद्दल. नवी पिल्ले विकत घेण्याचे समर्थन त्यातून कोणी काढू नये.

सल्काटाचा मूळ मुलूख म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेचा साहेल. सेनेगलपासून सुदान, इथिओपियापर्यंत पसरलेला हा गवताळ, काटेरी, बहुतेक वर्ष कोरडा प्रदेश. गॅलापागोस आणि अल्दाब्रा या बेटांवरची महाकाय कासवे सोडली तर जगातले सर्वांत मोठे जमिनीवरचे कासव हेच. पूर्ण वाढलेला नर सहज सिमेंटच्या पोत्याएवढा, म्हणजे पन्नास किलोंच्या घरात जातो, काही त्याहूनही मोठे होतात. आयुष्य सत्तर वर्षे किंवा त्याहून अधिक. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की हा प्राणी पुढच्या मजबूत पायांनी जमीन उकरतो आणि काही मीटर लांबीच्या बिळात जाऊन बसतो, कारण तिथे गारवा असतो आणि ओलही असते. सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर बाहेर येऊन तो गवत चरतो. चरण्यासाठी रोज बरेच अंतर चालतो. चालणे, खोदणे, ऊन खाणे आणि सावलीत परतणे, हे त्याच्या दिवसाचे वेळापत्रक आहे आणि त्याच्या शरीराची रचना या वेळापत्रकावर बेतलेली आहे. घरात त्याला यातले काहीच पुरेसे मिळत नाही.

उन्हापासूनच सुरुवात करू. कासव स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून राखू शकत नाही. ऊब आणि गारवा दोन्ही त्याला बाहेरून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी गरम व थंड अशा दोन्ही जागा जवळजवळ असाव्या लागतात. अन्न पचणेसुद्धा या उबेवर अवलंबून असते. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांच्या एका ठराविक भागामुळे त्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम हाडांत जात नाही. कासवाचे कवच हेसुद्धा हाडच आहे. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे काचेआडच्या कवडशात बसलेल्या कासवाला ऊब मिळते, पण हाडे घडवणारे ऊन मिळत नाही. दिवे लावून ही उणीव लहान पिल्लाच्या बाबतीत काही प्रमाणात भरून काढता येते. पन्नास किलोच्या, रोज फिरू पाहणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत तो उपाय तोकडा पडतो. महाराष्ट्रात वर्षातले सात-आठ महिने फुकट आणि भरपूर ऊन मिळते. त्या उन्हाच्या देशात कासवाला फरशीवर दिव्याखाली ठेवणे हा त्याच्यावर केलेला अन्यायच आहे.

दुसरी गरज मातीची. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, नखे झिजत नाहीत आणि खोदण्याची ऊर्मी भिंतीचे कोपरे खरवडण्यात जाते. मादीच्या बाबतीत हा प्रश्न जिवावर बेततो. नर जवळ नसला तरी वयात आलेल्या मादीच्या पोटात अंडी तयार होऊ शकतात, आणि खड्डा खणण्याजोगी जागा मिळाली नाही तर ती अंडी रोखून धरते. अशी अडकलेली अंडी वेळेत निघाली नाहीत तर मादी दगावते. पाण्याचेही तसेच. पुरेसे पाणी न मिळालेल्या कासवाच्या मूत्राशयात खडे होतात. सल्काटात हा आजार नेहमीचा आहे आणि मोठा खडा शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. कोरड्या खोलीत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवरचे खवले उंच टेंगळांसारखे वर येतात. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी 2003 साली सल्काटाच्या पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या टेंगळांचे मुख्य कारण हवेतली कमी आर्द्रता असल्याचे दिसले. आहारातल्या प्रथिनांचा वाटा त्या मानाने किरकोळ होता. एकदा आलेली टेंगळे मोठेपणी जात नाहीत. म्हणून दत्तक घेतलेल्या प्रौढ कासवाची पाठ पाहिली की त्याचे लहानपण कसे गेले हे जाणकाराला कळते. ते बदलणे आपल्या हाती नाही, पण पुढची चाळीस-पन्नास वर्षे कशी जातील हे मात्र आहे.

आता कोणी म्हणेल की मग फार्महाउसवर सोडून दिले की झाले. नाही, तेवढ्याने भागत नाही. उघड्यावर ठेवणे आणि उघड्यावर टाकणे यांत फार अंतर आहे, आणि महाराष्ट्रात ते अंतर पावसाळ्यात सर्वांत जास्त जाणवते. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. साहेलच्या कोरड्या हवेसाठी घडलेला प्राणी चार महिने चिखलात राहिला तर नाकातून शेंबूड येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, मान ताणणे ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणे दिसू लागतात, आणि कवचाचा खालचा भाग सतत ओला राहून कुजू शकतो. कोकणात त्यामुळे छप्पर असलेली, जमिनीपासून उंच, कोरडी आणि गरम राहणारी खोली पावसाळ्यापुरती द्यावीच लागेल, आणि ती देता येत नसेल तर तिथे सल्काटा घेऊ नये. सोलापूरकडे पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो, हवा त्याला मानवते, पण तिथली काळी माती मानवत नाही. ही माती पावसाने फुगते, उन्हाने भेगाळते. तीत खणलेले बीळ ढासळून कासव आत गाडले जाण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी मुरमाचा उंचवटा करून, आत पक्के छत घालून बीळ आपणच बांधून द्यावे लागते. नाशिक जिल्ह्यात निफाडला हिवाळ्यात पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या येतात. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही, म्हणून तिथे रात्री उबेची सोय केलेले घर लागते. विदर्भात मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत सावली आणि थंड बीळ नसेल तर उन्हाचा हा प्राणी उन्हानेच मरेल. एकच सल्ला सगळ्या महाराष्ट्राला लागू पडत नाही, आणि म्हणूनच घेणाऱ्याचे आवार प्रत्यक्ष तपासण्याला पर्याय नाही.

हे आवार कसे असावे? जागा निदान एक गुंठा असावी, असे माझे मत आहे. त्याहून कमी जागेत एवढ्या मोठ्या प्राण्याला चरण्यापुरते गवत टिकत नाही. कुंपण जाळीचे नको. पलीकडचे दिसले की कासव दिवसभर त्या जाळीला डोके लावून रेटत राहते, नाक सोलवटून घेते आणि शेवटी जाळी वाकवते. पलीकडचे दिसतच नसेल तर ते त्या बाजूचा नाद सोडते. कोकणात जांभ्या दगडाचा गडगा घालतात, तशी दोन-अडीच फुटांची भरीव भिंत या कामाला उत्तम. तिचा पाया फूट-दीड फूट जमिनीत गेलेला असावा, कारण खोदणारा प्राणी भिंतीखालूनही वाट काढतो. कोपरे काटकोनी न ठेवता गोलाकार करावेत. काटकोनात अडकून वर चढू पाहणारे कासव उलटे पडते आणि भर उन्हात पाठीवर पडलेले कासव काही तासांत मरू शकते. विहीर, हौद, पोहण्याचा तलाव आवारात येऊच नये. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही, ते बुडते. पिण्यासाठी आणि बसण्यासाठी एका बाजूने उतार असलेले उथळ टाके पुरे. कण्हेर आणि घाणेरी ही झाडे विषारी आहेत, ती मुळासकट काढावीत. खिळे, तारांचे तुकडे, प्लॅस्टिक हे सगळे वेचून काढावे, कारण जमिनीवर दिसेल ते कासव तोंडात घालून पाहते. कीटकनाशक आणि तणनाशक त्या जमिनीवर पुन्हा कधी मारायचे नाही. राखणीचा कुत्रा कितीही गुणी असला तरी त्याला कासवाबरोबर एकटे सोडायचे नाही. आणि दोन नर एका आवारात कधीही ठेवायचे नाहीत. गळ्याखालच्या पुढे आलेल्या खवल्याने ते एकमेकांना उलथवतात.

एवढी तयारी झाल्यावर कासव आणायचे. आणल्यावरचे पहिले काही आठवडे त्याच्यासाठी कठीण असतात. नव्या जागी ते कडेकडेने येरझाऱ्या घालते, बिळातून बाहेर येत नाही, काही दिवस खातही नाही. या काळात त्याला सारखे उचलणे, पाहुण्यांना दाखवणे, पाठीवर मुले बसवणे हे सगळे टाळले पाहिजे. आवारात आधीचे कासव असेल तर नव्याला काही महिने पूर्णपणे वेगळे ठेवावे, विष्ठेची तपासणी करून जंत आहेत का ते पाहावे, वजन दर महिन्याला लिहून ठेवावे. वजनाची ही वही नुसत्या नजरेला न दिसणारी घसरण आधी दाखवते. हात लावल्यावर साबणाने धुवावेत, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवे विकायला 1975 पासून बंदी आहे, ती मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. आहाराची गोष्ट मात्र आपल्याकडे सोपी आहे. हरळी, मारवेल, वाळलेले गवत हा मुख्य आहार, सोबत जास्वंदाची पाने-फुले, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. पोळी, भात, दूध, कुत्र्याचे खाद्य, रोजची केळी-आंबे हे त्याचे अन्न नव्हे, ते फक्त आपल्या कौतुकाचे साधन आहे. आणि कवचाला भोक पाडून दोरी किंवा साखळी बांधण्याची पद्धत ही सरळसरळ क्रूरता आहे. कवच जिवंत हाड आहे, त्यात मज्जातंतू आहेत, भोक पाडताना कासवाला वेदना होतात आणि जखमेतून संसर्ग शिरतो.

ज्या ठिकाणी प्रौढ कासव दत्तक देण्याची पद्धत नीट बसली आहे, तिथे आवाराची अट आधी का ठेवली गेली हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात वाळवंटी कासव हा संरक्षित प्राणी आहे. रानातून ते उचलणे गुन्हा आहे, पाळलेले कासव विकता येत नाही आणि पुन्हा रानात सोडताही येत नाही, कारण पाळीव कासवांमधला श्वसनाचा साथीचा आजार रानातल्या कासवांत पसरण्याचा धोका असतो. मग सोडून दिलेल्या, मालक वारलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या कासवांचे करायचे काय? तिथला वन्यजीव विभाग ती कासवे राज्यातल्या रहिवाशांना दत्तक देतो. पण त्यासाठी अंगण बंदिस्त हवे, त्यात बीळ तयार हवे, तलाव आणि कुत्रे यांपासून संरक्षण हवे. हे कासव घरात ठेवायचे नाही, प्रजनन होऊ द्यायचे नाही, अशा अटी असतात. प्रजननावर बंदी का, याचे उत्तर त्या विभागाच्या एका हिशोबात आहे. ऐंशी वर्षे जगलेली एक मादी आयुष्यभरात आठशेहून अधिक पिल्लांना जन्म देऊ शकते. म्हणजे आजची बेफिकिरी पुढच्या पिढीचा डोंगराएवढा प्रश्न होते. ॲरिझोनाची ही पद्धत तिथल्या स्थानिक जातीसाठी आहे आणि आपला प्रश्न परदेशी जातीचा आहे, हा फरक मला मान्य आहे. पण ‘आधी जागा दाखवा’ हे तिचे तत्त्व जात कोणतीही असली तरी लागू पडते.

दुसरे उदाहरण सल्काटाच्या स्वतःच्या देशातले आहे. सेनेगलमध्येही हे कासव शुभ मानून घराच्या चौकात ठेवण्याची रीत आहे. तिथे राजधानी डाकारजवळ नोफ्लाय इथे कासवांचे एक गावच वसवले आहे. सेनेगली अभ्यासक तोमास दियान्य यांच्या पुढाकाराने आणि सोप्तोम या फ्रेंच संस्थेच्या साथीने ते उभे राहिले. घराघरांतून आलेली, आजारी, वाकड्या पाठीची कासवे तिथे आवारांत ठेवली जातात, सुधारतात, आणि त्यांतली काही देशाच्या उत्तरेकडच्या फर्लो भागातील राखीव क्षेत्रात परत सोडली गेली आहेत. माणसाने कितीही भक्तिभावाने सांभाळले तरी घराच्या चौकापेक्षा मोकळे, मातीचे, झुडपांचे आवार बरे, हे ज्या देशाचे हे कासव आहे त्यांनीच मान्य केले आहे. रानातली सल्काटांची संख्या इतकी घटली आहे की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे, आणि रानातून पकडलेल्या सल्काटांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा साइटीसने 2000 सालापासून शून्य ठेवला आहे. आपल्याकडची कासवे सेनेगलला परत पाठवता येणार नाहीत. ती इथेच जगणार आहेत, तर ती निदान कासवासारखी जगावीत.

आपल्या नियमांत यासाठी जागा करणे अवघड नाही. 2024 च्या नियमांनी परदेशी प्राणी कोणाकडे आहे, त्याला पिल्ले झाली का, तो मेला का, दुसऱ्याकडे गेला का, हे कळवणे बंधनकारक केले. ही मोठी सुधारणा आहे, कारण त्याआधी, 2020 च्या ऐच्छिक घोषणेच्या योजनेपर्यंत, देशात असे किती प्राणी आहेत याचा सरकारलाच पत्ता नव्हता. आता पुढचे पाऊल उचलावे. मोठ्या कासवाचे हस्तांतर नोंदवण्यापूर्वी नव्या मालकाच्या आवाराची छायाचित्रे आणि पशुवैद्याचा दाखला घ्यावा, आणि जिल्ह्यातल्या मानद वन्यजीव रक्षकाने किंवा वनविभागाने नेमलेल्या जाणकाराने एकदा प्रत्यक्ष पाहणी करावी. कोकण, देश, विदर्भ यांच्यासाठी हवामानानुसार वेगवेगळे निकष मराठीत छापावेत. हे काम महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे देता येईल, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य तयार करण्याची जबाबदारीही. आज जिल्ह्याच्या ठिकाणीही कासवाचा आजार ओळखणारा डॉक्टर मिळणे मुश्कील असते.

यावर पहिला आक्षेप मालकांचा असतो. आमचे कासव दहा वर्षे फ्लॅटमध्ये आहे, त्याला काही झाले नाही. पण कासवाचे शरीर हळू चालते, तसा त्याचा आजारही हळू चालतो. हाडे विरळ होणे, मूत्रपिंड निकामी होत जाणे, मूत्राशयात खडा वाढणे हे सगळे वर्षानुवर्षे आत चालू राहते आणि ते खाणे सोडते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. शिवाय सत्तर वर्षे जगणाऱ्या प्राण्याच्या आयुष्यातली पहिली दहा वर्षे म्हणजे बालपण. ते निभावले म्हणून पुढचे निभावेल असे म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अटी कडक केल्या तर घेणारे कमी होतील, आणि कंटाळलेले मालक कासव रात्री तळ्यात, देवळाच्या पुष्करणीत किंवा डोंगरावर सोडून देतील. ही भीती खोटी नाही. तळ्यात सोडलेला सल्काटा बुडतो, डोंगरावर सोडलेला कुत्र्यांच्या किंवा पहिल्या पावसाच्या तोंडी जातो. पण यावर उपाय अट सैल करणे हा नाही, सुपूर्द करण्याची वाट सोपी करणे हा आहे. ज्याला सांभाळता येत नाही त्याने जाबजबाब न होता कासव आणून द्यावे अशी केंद्रे विभागवार हवीत, आणि तिथली आवारे वरच्या निकषांनुसारच बांधलेली हवीत. अयोग्य घरी दिलेले कासव दोन वर्षांनी पुन्हा दत्तकाच्या निरोपात येते, तेव्हा ते आधीपेक्षा आजारी असते आणि त्याला घेणारा मिळणे आणखी कठीण असते.

तिसरा आक्षेप असा की, म्हणजे जमीन असलेल्या श्रीमंतांनीच कासव पाळायचे का? माझे उत्तर असे की, प्राणी पाळणे हा माणसांमध्ये समान वाटण्याचा हक्क नाही. प्रश्न प्राण्याच्या गरजेचा आहे, आणि ती गरज एक गुंठा जमीन, एक भिंत आणि एक कोरडे छत एवढी आहे. गावाकडे परसदार असलेले शेतकरी कुटुंब ती शहरातल्या महागड्या फ्लॅटपेक्षा सहज पुरवू शकते. चौथा आक्षेप परदेशी प्राण्यावर खर्च कशाला, असा असतो. कारण हा प्राणी आपण आणला, त्याच्या इच्छेने तो आला नाही. शिवाय आवाराची अट कडक झाली की पिल्लू विकत घेणारा दहा वर्षांनंतरचा विचार आज करेल, आणि मागणी घटली की तस्करीचा धंदाही आखडेल. स्थानिक स्टार कासवाच्या तस्करीला आळा घालण्यासाठीही हे उपयोगाचे आहे, कारण एका जातीचे कासव घरात शोभेची वस्तू म्हणून मान्य झाले की दुसऱ्या जातीचे चोरून आणायला वेळ लागत नाही. असे बंधन मराठी माणूस पाळतो, याचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या मदतीने समुद्री कासवांची घरटी राखली. जिथे पूर्वी अंडी काढून नेली जात, तिथे आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक लांबून येतात, आणि कोणी पिल्लू घरी नेत नाही.

शेवटचा मुद्दा वारसाचा. चाळिशीतल्या माणसाने वीस वर्षांचा सल्काटा दत्तक घेतला, तर तो कासवाच्या आधी जाण्याची शक्यता अधिक आहे. म्हणून आवाराबरोबर दुसरी एक गोष्टही कागदावर यावी. माझ्यानंतर हे कासव कोण सांभाळणार, त्या माणसाचे नाव आणि त्याची संमती. घर-जमिनीच्या बाबतीत आपण हे न चुकता करतो. घरात येणाऱ्या जिवाच्या बाबतीत ते करायला अवघड का वाटावे?

ज्यांना खरोखरच प्रौढ कासव दत्तक घ्यायचे आहे त्यांना एवढेच सांगणे आहे. घाई करू नका. नोंदणीचे कागद तपासा. भिंत बांधा, बीळ बांधा, हरळी लावा, आणि मग एक पूर्ण पावसाळा त्या रिकाम्या आवारावरून जाऊ द्या. पाणी कुठे साचते, छप्पर कुठे गळते, माती कुठे खचते हे तो पावसाळा दाखवेल. त्या दुरुस्त्या झाल्या की कासव आणा. एवढा धीर ज्याला धरवत नाही, त्याने कासव घेऊ नये.